तीन भिंतींचा भूगोल

जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतरच्या पाकाळणीच्या रविवारी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या त्या घरात सगळ्यांनी एका पंगतीला जेवायचं, हा नेम लेक संयोगिता घर सोडून गेल्यावरही मोडला नव्हता. पाट तेवढा एक कमी झाला होता, आणि तो मोजायचा नाही असं कुणी न बोलताच ठरून गेलं होतं. सकाळी जोतिबाचा डोंगर चढून आलेली मंडळी दुपारी पुरणपोळीवर आडवा हात मारून बाहेरच्या खोलीत सैलावली होती. तानाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून सुपारी कातरत होत्या. त्यांना तिथूनच सगळं घर दिसायचं, आणि कुणी पाणी मागितलं तर उठायलाही सोपं पडायचं.

त्यांचे धाकटे दीर उदयसिंह भिंतीला तक्क्या लावून बसले होते. कानाच्या पाळीत गुलाल तसाच राहिलेला. उद्यमनगरात त्यांचा लेथ मशिनचा कारखाना, त्यामुळं हा माणूस घरात बोलला तरी मशिन चालू असल्यासारखाच बोलायचा. जेवण अंगावर आलं, गप्पा संपल्या, तशी त्यांची नजर नंदूवर गेली. नंदूचं खरं नाव राजनंदिनी, पण चार वर्षांच्या पोरीला एवढ्या मोठ्या नावानं रोज कोण हाक मारतो?

शाळेत जात नाही म्हणे ही, मग घरी काय शिकवलंय ते तरी बघू, असं उदयसिंह म्हणाले. म्हणताना त्यांनी पुतण्याकडं, पृथ्वीराजकडं, बघून डोळा मारला. पृथ्वीराज हसला. घरच्या शाळेवरून बायकोची चेष्टा झाली की तो नेहमी आधी हसून घ्यायचा, मग अंदाज घ्यायचा.

नंदूला घरी शिकवायचं हे स्वप्नालीचं खूळ. लग्नाआधी ती हुपरीत बालवाडी चालवायची. तीन वर्षांच्या पोरांना टाय बांधून बसवणारी शाळा तिनं बाहेरून बघितली आणि परत येऊन सांगितलं, माझी लेक सहा वर्षांची होईपर्यंत ह्याच घरात शिकेल. घरात मग कामं वाटली गेली. गाणी-गोष्टी स्वप्नालीकडं. आकडे तानाबाईंकडं, तेही शेंगा सोलता सोलता. आणि भूगोल नंदूच्या आबांकडं, म्हणजे अमरसिंहरावांकडं.

हे सगळ्यात बेस झालं, असं तानाबाईंना मनापासून वाटायचं. त्यांचा नवरा जन्मभर मोजणी खात्यात होता. साखळी घेऊन जिल्ह्यातल्या बांधाबांधावरून फिरला, भावाभावांतल्या वाटण्या मोजल्या, आणि निवृत्त झाल्यावर खुर्चीत बसून नुसता कुढत राहिला. नातीला शिकवायला लागल्यावर त्याच्या तोंडाला पुन्हा चव आली. पहिल्याच दिवशी त्यानं पोरीला गच्चीत नेऊन उभं केलं आणि सांगितलं, आधी आपण कुठं उभं आहे ते बघायचं, जग नंतर. पाण्याच्या टाकीच्या सावलीभोवती दोघं खडूनं रेघ मारायची, आणि सावली रेघ सोडून सरकली की नंदू सगळ्या गल्लीला सांगत सुटायची. पाच तांबे पाणी मोरीच्या उतारावर ओतून त्यानं तिला पंचगंगा करून दाखवली. पुढं तर तिच्या हाताचीच नदी केली. चार बोटं म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती, अंगठा म्हणजे सरस्वती. ती गुप्त आहे, दिसत नाही, पण आहे असं धरायचं, असं म्हणून तो तिचा अंगठा हळूच मुठीत मिटायचा. तानाबाई ते उंबऱ्यावरून ऐकायच्या. न दिसणारी नदी हा माणूस आहे असं धरतो, आणि पोटची लेक मात्र धरत नाही.

आता नंदू खोलीच्या मधोमध, आबांनी ठरवून दिलेल्या फरशीवर उभी राहिली. परकराची नाडी वर ओढली. आधी उगवतीच्या भिंतीकडं हात केला.

"हुपरी. हिकडनं सूर्य येतोय. हितं मामा पैंजण करतोय."

हुपरी खरी तर थोडी उजवीकडं सरकते, बरोबर पूर्वेला येत नाही. पण सुनेच्या माहेराला एक भिंत द्यायची म्हणून मोजणीदारानं तेवढं चालवून घेतलं होतं. मग नंदू मावळतीच्या भिंतीकडं वळली. तिकडं रंकाळा, तिकडं सूर्य आंघोळ करून झोपतो. मग तिसरी भिंत, तिकडं जोतिबा. उदयसिंहांनी बसल्या जागेवरून चांगभलं म्हटलं, त्यांच्या बायकोनं टाळ्या वाजवल्या. नंदू लाजली आणि आईच्या मांडीत जायला निघाली.

"आगं थांब की. ही एक ऱ्हायली," असं म्हणून उदयसिंहांनी स्वयंपाकघराच्या भिंतीकडं बोट केलं.

नंदूनं तिकडं बघितलं. आजी बसली होती ती बाजू. तिला त्यात काही अवघड वाटलं नाही. आबांनी सांगितलं होतं तेच तिनं सांगितलं.

"तिकडं काय न्हाय."

तानाबाईंचा अडकित्ता सुपारीत तसाच राहिला. धाकटी जाऊ हसायला लागली होती, ती मध्येच थांबली. पृथ्वीराजनं मोबाईल काढून त्यात बघायला सुरुवात केली. पोर कसलंही वाईट बोललेलं नव्हतं. पण त्या भिंतीपलीकडं कागल आहे, निपाणी आहे, बेळगाव आहे, त्याच्याही पुढं धारवाड आहे, आणि धारवाडात संयोगिता आहे, हे त्या खोलीत नंदू सोडून सगळ्यांना माहीत होतं.

संयोगिता शिकायला म्हणून धारवाडला गेली आणि तिथल्याच बसवराज नावाच्या कानडी मास्तराशी लग्न करून मोकळी झाली. दुसऱ्या कुणाच्या घरात एवढ्यावरून वर्षभर अबोला चालला असता आणि पहिल्या नातवाबरोबर संपला असता. पण अमरसिंहरावांनी तरुणपणी सीमाभागाच्या मोर्चात लाठी खाल्ली होती. थंडीत अजून खांदा धरायचा. लेकीनं त्याच खांद्यावर पाय दिला असं त्यांच्या डोक्यानं घेतलं ते घेतलंच. ह्या घराला आता ती बाजू न्हाई, असं ते त्या दिवशी म्हणाले होते. मोजणी खात्यातला माणूस, बोलले तसं नकाशात उतरवून बसले. आठ वर्षं झाली, नात जन्माला आली, बोलायला लागली, आणि तिलाही तोच नकाशा मिळाला.

पहिल्यांदा उदयसिंहच बोलले. तानाबाईंना त्याचं हसू यावं की राग, कळेना. आठ वर्षांपूर्वी ह्याच खोलीत सगळ्यात मोठा आवाज ह्याच दिराचा होता. पोरीचं तोंड बघायचं नाही अशी भाषा त्यांनीच काढली होती. पण आता त्यांची गिऱ्हाइकं बेळगावपासून हुबळीपर्यंत पसरली होती, महिन्यातून दोनदा त्यांची गाडी तोच रस्ता तुडवायची, आणि माणूस ज्या रस्त्यावर चहा पितो त्या रस्त्याचा त्याला फार दिवस राग राहत नाही.

"दादा, जन्मभर चतुःसीमा लिहिलीसा," ते म्हणाले. "पूर्वेस अमका, पश्चिमेस तमका, उत्तरेस ओढा, दक्षिणेस बांध. तीन बाजूंचं शेत कुठल्या गावात बघितलंसा?"

अमरसिंहरावांनी खुर्चीतून मान वर केली नाही. दक्षिण ही यमाची दिशा, तिकडं तोंड करून आपण जेवत नाही, दिवा लावत नाही, मग लहान पोराला तिचं नाव कशाला शिकवायचं, असं काहीतरी त्यांनी शांतपणे सांगितलं. उत्तर तयार होतं. म्हणजे कधीतरी कुणीतरी विचारणार, ही धास्ती त्यांनाही होतीच, हे तानाबाईंच्या ध्यानात आलं.

जोतिबा तर दक्षिणेकडंच तोंड करून बसलाय, सकाळी त्याच्याच पाया पडून आलो न्हवं, असं उदयसिंह म्हणाले. 

पृथ्वीराजनं विषय मिटवायला बघितलं. आज सणासुदीचा दिवस, पोर लहान, शिकेल हळूहळू, काका तुम्ही पान खा. आठ वर्षं तो वडिलांच्या बाजूला होता. बहिणीचा त्याला राग होता असं नाही, ती बाजू सोपी होती एवढंच. ती गेली त्या दिवशी त्यानं तिची सायकल धुऊन पुसून जिन्याखाली ठेवली होती, आणि नंतर एकदा न विचारता विकून टाकली होती. तानाबाईंना दोन्ही दिवस आठवत होते.

आणि मग स्वप्नाली बोलली. ह्या विषयावर तिनं ह्या घरात आजवर तोंड उघडलं नव्हतं. नणंद तिनं कधी बघितलेलीही नव्हती. नंदूच्या केसांतला गुलाल झटकत झटकत, आवाज न चढवता ती बोलली.

"आबा, माझ्या माहेराला तुमी आख्खी भिंत दिलीसा. मला लई बरं वाटलं. पर उद्या नंदू मोठी होऊन तुमच्या नायतर आमच्या मनाविरुद्ध कुठं गेली, तर तिची बाजू पण पुसून टाकायची का? तसं असंल तर मला आत्ताच सांगा. मी हिला दिशा शिकवतच न्हाई."

पृथ्वीराज तिला गप्प बस म्हणाला. ती गप्प झाली, पण नजर तिनं खाली घेतली नाही.

तानाबाई सुनेकडं बघत राहिल्या. सुनेला फोनचं ठाऊक आहे की काय? रोज दुपारी अमरसिंहराव तालमीच्या कट्ट्यावर गेले की तानाबाई मागच्या मोरीपाशी स्टुलावर बसायच्या, आणि धारवाडचा फोन यायचा. नुसता आवाजाचा. तोंड दिसणारा फोन लावायचा नाही, हे मायलेकींनी ठरवूनच टाकलं होतं. तोंड बघितलं असतं तर तानाबाईंना घरात नंतर काहीच झाकता आलं नसतं. त्यामुळं आठ वर्षं त्यांची लेक म्हणजे एक आवाज होता. तिला आता सहा वर्षांचा मुलगा होता, तो त्यांना कानडी वळणानं अज्जी म्हणायचा. त्याचं नाक कुणावर गेलंय हे त्यांना माहीत नव्हतं. विचारायचं म्हणून रोज ठरवायच्या आणि जेवलास का, एवढं विचारून फोन ठेवायच्या.

बाहेरच्या खोलीत नंदू एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. आपलं काहीतरी चुकलं एवढं तिला कळलं होतं, आणि तिचा खालचा ओठ बाहेर यायला लागला होता. ते तानाबाईंना बघवेना. त्यांची लेक ह्या घरातून रडत गेली ती गेली, आता नातीनंही त्याच पायी रडायचं का? त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. गुडघ्यावर हात देऊन उठल्या, खोलीच्या मध्यावर आल्या आणि पोरीला दोन्ही खांद्यांना धरून चौथ्या भिंतीकडं तोंड करून उभं केलं.

"ह्याला दक्षिण म्हणायचं," त्या म्हणाल्या. "हिकडं आदी कागल लागतंय. मग निपाणी. मग बेळगाव. मग धारवाड. धारवाडात तुझी आत्त्या ऱ्हाती."

आत्त्या हा शब्द त्या घरात नंदूसाठी नवीनच होता. मामा तिला ठाऊक होता. तिनं तो शब्द एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला. मग भूगोलाच्या तासाला विचारायची तिला सवय होती ते विचारलं.

"तिथं काय काय हाय?"

तानाबाई अडखळल्या. आवाजात काय दिसणार? पण आठ वर्षं त्यांनी आवाजाभोवती एक घर बांधत आणलं होतं. संयोगिता कधीतरी म्हणाली होती, दारात झाड आहे, त्याखाली बसून बोलतेय. फाटक वाजलं, थांब, कोण आलंय बघते. तेवढ्यावर त्यांनी सगळं रचलं होतं.

"घर हाय," त्या म्हणाल्या. "दारात आंब्याचं मोठं झाड हाय. त्याच्या सावलीत बसून ती..."

"तुला कसं ठाऊक?" पृथ्वीराजनं विचारलं.

लपवायचं आता काही उरलं नव्हतं. फोन करते ती मला, रोज करते, असं त्यांनी सांगून टाकलं. सांगताना त्या नवऱ्याकडं बघत होत्या. काय म्हणायचं असेल ते म्हणू दे. ह्या वयात कुठं हाकलून देतील? आणि दिलंच, तर रस्ता त्यांना आत्ताच तोंडपाठ झाला होता.

अमरसिंहराव खुर्चीत तसेच बसले होते, मान खाली, दोन्ही हात गुडघ्यांवर. मग ते बोलले. आवाज अगदी हळू होता. नातीचं उत्तर चुकलं की जसं सांगायचे तसंच त्यांनी सांगितलं.

"आंबा न्हवं. चिंच हाय ती."

कुणाला आधी काही कळलंच नाही. धाकटी जाऊ तर काय म्हणाले म्हणून नवऱ्याला कोपरानं ढोसायला लागली. नंदूनं मात्र लगेच चूक सुधारून घेतली, चिंच, असं म्हणाली. म्हटल्यावर अमरसिंहरावांना पुढचंही सांगावं लागलं. शिकवताना अर्धं सोडायची त्यांना सवय नव्हती.

"फाटक निळं हाय," ते म्हणाले. "आदी पिवळं होतं. आता निळं केलंय. पोरगं त्याच्यावर उभं राहून झुलतंय दिवसभर, बिजागरी ढिली झालीया."

आधी पिवळं होतं. तानाबाई नंदूच्या खांद्यांना धरून तशाच उभ्या राहिल्या. माणूस एकदा गेला असता तर त्यानं एकच रंग बघितला असता. त्यांना सौंदत्तीची गाडी आठवली. पेठेतली मंडळी दर मार्गशीर्षात यल्लम्माला जायची, आणि गेली काही वर्षं त्यांच्याबरोबर हाही जायला लागला होता. उभ्या आयुष्यात देवाला नारळ फोडायचा कंटाळा करणारा माणूस. तानाबाईंना तेव्हा वाटलं होतं, वय झालं, भक्ती लागली. गाडीतली मंडळी डोंगरावर दर्शनाला थांबत असतील, आणि हा तिथनं जवळच्याच धारवाडची एस.टी. धरत असेल. येताना भंडारा आणायचा, तो त्या कपाळाला लावायच्या.

उदयसिंहांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. दादा, तुमी गेलतासा, एवढंच ते म्हणाले. प्रश्नही नव्हता तो.

"रस्त्याच्या पल्याड च्याचा गाडा हाय," अमरसिंहराव म्हणाले. "तिथनं दिसतंय."

तानाबाईंना रडू आलं नाही. त्यांना राग आला, एवढा की कानशिलं तापली. आठ वर्षं त्या लेकीच्या आवाजावर दिवस काढत होत्या, आणि हा माणूस चहाच्या गाड्यावर बसून तिला डोळे भरून बघून येत होता. नातवाचं नाक ह्याला माहीत होतं. तो झुलताना कसा हसतो, माहीत होतं. दर वर्षी घरी येऊन, पाय धुऊन, ह्यानं एक अक्षर न बोलता भाकरी खाल्ली होती.

"मला का न्हेलं न्हाई?" त्यांनी विचारलं.

अमरसिंहरावांनी आता मान वर केली. डोळे भरले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"तू आत गेली असतीस," ते म्हणाले.

खरंच होतं ते. तानाबाई गेल्या असत्या. एस.टी.तनं उतरल्या उतरल्या, चपला पायात असतील नसतील तशा, फाटक ढकलून आत गेल्या असत्या, आणि मग ह्यालाही मागोमाग जावं लागलं असतं. तेवढं एक टाळायला हा माणूस वर्षानुवर्षं रस्त्याच्या अलीकडं उभा राहिला. त्यांना त्याचा राग आला होता तो गेला नाही, पण त्याच्या आतनं नवऱ्याची कीवही यायला लागली. तरी त्यांनी ती दाखवली नाही. कीव दाखवली असती तर तो तिथंच बसून राहिला असता.

त्यांनी स्वप्नालीला सांगितलं, उरलेल्या पोळ्या तूप लावून डब्यात भर, उद्यापर्यंत चांगल्या राहतात. पृथ्वीराजला सांगितलं, सकाळी गाडी काढायची. पृथ्वीराजनं वडिलांकडं बघितलं नाही. व्हय म्हणाला, आणि कोल्हापुरातल्या पेट्रोलची आणि रस्त्याची काहीतरी बडबड करत राहिला. मध्येच थांबला. तिची सायकल मी विकली हे तिला कुणी सांगू नका, म्हणाला. आपला धनी बोलायच्या आत धाकट्या जावेनं, तुमच्या गाडीत जागा असंल तर मीही येते, असं सांगून टाकलं.

अमरसिंहराव अजून उठले नव्हते. सगळं ठरत होतं ते ऐकत होते, आणि बोटांनी गुडघ्यावर काहीतरी आखत होते.

"फाटकाची कडी आतल्या बाजूला हाय," शेवटी ते म्हणाले. "भायेरनं निघत न्हाई. हाक मारायला लागती."

तानाबाईंना सगळं कळलं. एवढी वर्षं हा माणूस फाटकापर्यंत जाऊन हाकेपाशी अडायचा, ते कळलं.

"मारायची की मग," त्या म्हणाल्या. "पर मी न्हाई मारणार. तुमी मारायची."

 तानाबाई जागच्या हलल्या नाहीत. डब्यात पोळ्या भरणारी स्वप्नालीही दारात येऊन थांबली. मग अमरसिंहरावांनी खुर्चीचे हात धरून अंग थोडं पुढं घेतलं, त्या चौथ्या भिंतीकडं बघितलं, आणि ते नाव घ्यायला तोंड उघडलं.  नुसता श्वास बाहेर आला. त्यांनी खाकरून घसा मोकळा केला आणि पुन्हा प्रयत्न केला.

"संयोगी," ते म्हणाले.

हाक म्हणावी एवढी ती मोठी नव्हती. फाटकापासून घरापर्यंत पोचली नसती. पण नंदूला वाटलं, आबांनी भूगोलातलं नवं नाव सांगितलं. ती भिंतीकडं हात करून मोठ्यांदा म्हणाली, "संयोगी."

"तू न्हाई," तानाबाई तिला म्हणाल्या. "तू आत्त्या म्हणायचं."